गुडघ्यांची बखर



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. टेबलखुर्चीवर बसून लिहायचं आणि तासाभराने उठायचं, यातलं 'उठायचं' हेच हल्ली जड जातं. तेव्हा ज्याने अडवलं त्याच्यावरच लिहावं म्हटलं!

मागच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तपासणीआधी तिथल्या मुलीने एक कागद हातात दिला. त्यावर चोवीस प्रश्न. सपाट रस्त्यावर चालताना दुखतं का, जिना उतरताना त्रास होतो का, सकाळी उठल्यावर गुडघे आखडतात का... आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'अजिबात नाही'पासून 'अतिशय'पर्यंत पाच रकाने. मी सगळीकडे 'थोडंसं'वर खूण केली आणि कागद परत दिला. चौतीस वर्षं मुलांचे पेपर तपासले, पण स्वतःचा पेपर खोटा लिहिला तो त्या दिवशी.

घरी येताना रिक्षात आई आठवली.

आईचे गुडघे पन्नाशीतच गेले होते. वाड्यात आमचं बिऱ्हाड माडीवर आणि संडास खाली, परसात. पुढे पुढे ती दुपारनंतर पाणीच प्यायची नाही. 'तहान नाही गं' म्हणायची. खरं कारण असं, की पाणी प्यायलं तर जिना उतरावा लागणार, खाली उकिडवं बसावं लागणार आणि पुन्हा उठावं लागणार. हे मला तेव्हा समजलं नाही. समजलं ते मी स्वतः लांबच्या प्रवासाआधी पाणी पिणं बंद करू लागले तेव्हा. आई 'दुखतंय' म्हणाली की आम्ही सगळे 'वय झालं' म्हणायचो. औषध म्हणजे निर्गुडीचा शेक आणि रात्री महानारायण तेल. कुणी तिला चोवीस सोडा, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. काहीही समोर आलं की 'हे सुरू कधी झालं?' हा प्रश्न पडतो. म्हणून त्या चोवीस प्रश्नांचं मूळ शोधायला बसले, आणि नातवाच्या मदतीने गुडघ्यांची अख्खी बखरच हाती लागली.

दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन आहे: हात लावला तर वारा भरलेल्या पिशवीसारखी सूज, आणि सांधा पसरताना, आखडताना वेदना. सुश्रुताने सुजलेल्या गुडघ्याच्या एका दुखण्याला 'क्रोष्टुकशीर्ष' म्हटलं आहे, म्हणजे कोल्ह्याचं डोकं! वर फुगीर, खाली निमुळता असा सुजलेला गुडघा ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा लगेच पटेल.

पण जुनं म्हणजे पूर्वीही इतकंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली अडीच हजारांवर सांगाडे तपासून एक लेख प्रसिद्ध केला. कूर्चा पूर्ण गेली की हाडावर हाड घासतं आणि ती जागा हस्तिदंतासारखी गुळगुळीत, चकचकीत होते. ही खूण हजारो वर्षांनीही टिकते. अमेरिकेतल्या प्रागैतिहासिक काळातल्या सांगाड्यांत ती शेकडा आठांच्या आसपास, कारखानदारीच्या सुरुवातीच्या काळात शेकडा सहा आणि अलीकडच्या काळात शेकडा सोळा आढळली. वाढलेलं आयुष्य आणि वाढलेलं वजन यांचा हिशोब वजा करूनही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे प्रमाण दुपटीने वाढलेलं दिसतं. म्हणजे आम्ही आईला जे उत्तर देत होतो, 'वय झालं', ते अर्धवटच होतं.

उपायांचा इतिहासही गमतीचा आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० साली क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात चक्क हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गामुळे ते प्रयोग टिकले नाहीत, पण कल्पना टिकली. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६०च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला. त्यांच्याच रुग्णालयात काम केलेल्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८च्या सुमारास गुडघ्याकडे मोर्चा वळवला. त्यांनी ओळखलं, की गुडघा ही दारासारखी साधी बिजागरी नाही. तो वाकताना घरंगळतो आणि सरकतोसुद्धा. पुढे १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण गुडघा बदलण्याची जी रचना वापरात आणली, तिच्यावरच आजचे बहुतेक सांधे बेतलेले आहेत. त्या सहकाऱ्यांत एक भारतीय होते, डॉ. चित्तरंजन राणावत.

हे नाव ओळखीचं वाटलं ना? पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात राणावतांनीच बदलला. तोवर आपल्याकडे गुडघे हा चारचौघांत बोलायचा विषय नव्हता. त्यानंतर स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, बागेतल्या बाकावर सगळीकडे गुडघेच सुरू झाले. आई त्याआधी सहा वर्षं गेली होती. असती तरी खर्च झेपला नसता म्हणा. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत सरासरी दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर (कर वेगळा) आली. एका फटक्यात एवढी उतरली, यावरूनच आधी काय चाललं होतं ते कळतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्या प्रश्नांकडे.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला, आणि मग डॉक्टर माणसाऐवजी चित्राकडे बघू लागले. मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स या जोडीने आधी कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचे सांधे तपासले. खाणकामगार गुडघ्यांवर बसून, वाकून काम करत. पुढे १९५७ साली या दोघांनी क्ष-किरण चित्रावरून झीज ठरवायच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आखल्या. डॉक्टर आजही 'तिसरी ग्रेड', 'चौथी ग्रेड' म्हणतात ती हीच.

पण एक गोची झाली. चित्र आणि दुखणं यांचा मेळ बसेना. फोटोत चौथी पायरी असलेला माणूस पर्वती चढतो आणि दुसऱ्या पायरीवरची बाई घरातला उंबरा ओलांडताना कळवळते. याचं एक कारण असं, की हा आजार नुसत्या कूर्चेच्या झिजेचा नाही. हाड, सांध्याचं अस्तर, मांडीचे स्नायू सगळंच त्यात बिघडतं. आणि चित्रात हाड दिसतं, बाई दिसत नाही.

म्हणून १९८०च्या दशकात कॅनडातल्या निकोलस बेलामी आणि सहकाऱ्यांनी रुग्णालाच विचारायचं ठरवलं. पाच प्रश्न वेदनेचे, दोन आखडण्याचे आणि सतरा रोजच्या कामांचे. माझ्या हातात आलेला कागद तो हाच! सतरा विरुद्ध पाच हे प्रमाण मला फार बोलकं वाटलं. दुखतं किती यापेक्षा अडतं कुठे, हे महत्त्वाचं.

फक्त मूळ प्रश्न तिकडच्या आयुष्याचे होते. मोटारीत चढता-उतरता येतं का, मोजे घालता येतात का, आंघोळीच्या टबात शिरता येतं का. माझ्या आईने उभ्या आयुष्यात टब पाहिला नव्हता! तिचं आयुष्य जमिनीवरचं. विळीवर भाजी, पाटावर जेवण, उकिडवं बसून धुणं, मांडी घालून पोथी. तिला तो कागद दिला असता तर निम्मे प्रश्न तिने सोडूनच दिले असते.

ही अडचण आपल्या पुण्याच्याच डॉक्टरांच्या लक्षात आली. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली भिगवणला पाहणी सुरू केली. हो, तेच भिगवण, जिथे आपण उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी बघायला जातो. गावातल्याच स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन चार हजारांवर प्रौढांना हाडा-सांध्यांच्या दुखण्याबद्दल विचारलं. शेकडा अठरा जणांना काही ना काही त्रास निघाला. याच पुण्याच्या केंद्राने पुढे त्या कॅनडाच्या प्रश्नावलीत आपल्या राहणीप्रमाणे बदल केले आणि उकिडवं बसणं, मांडी घालणं यांचा विचार त्यात आणला.

अर्थात उकिडवं बसण्याचं कौतुकच करायला नको. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाहणीत, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्यांची झीज जास्त आढळली होती. तेव्हा 'आमची जुनी राहणी चांगली होती' असं सरसकट म्हणता येत नाही. आईचे गुडघे कदाचित त्याच राहणीने घेतले असतील.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि दुसरा कागद मागितला. या वेळी पेपर खरा लिहिला. खाली मोकळ्या जागेत तीन ओळी जास्तीच्या लिहिल्या: दोन वर्षांत जमिनीवर बसलेली नाही. ज्या घरी कमोड नाही त्या घरी जाणं बंद केलं आहे, त्यात सख्ख्या बहिणीचं घर आहे. प्रवासाआधी पाणी पीत नाही.

डॉक्टरांनी तीनही ओळी दोनदा वाचल्या. मग म्हणाले, "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? आमच्या घरात ते सांगायची पद्धत नव्हती.

सध्या मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज दोनदा चालू आहेत. वजन चार किलो उतरवायचं आहे. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो, हे गणित मला फार आवडलं. सहा महिन्यांनी पाहू, नाहीतर ऑपरेशन आहेच. बदललेल्या गुडघ्यांपैकी शंभरातले ऐंशीएक पंचवीस वर्षं टिकतात म्हणे. माझ्या वयाला तेवढे पुरे झाले! आणि बहिणीने कमोडची खुर्ची आणून ठेवली आहे. मी न सांगता तिला कसं कळलं असतं?

एवढंच सांगायचं होतं. घरातल्या मोठ्या माणसाला 'गुडघे कसे आहेत?' असं विचारू नका. उत्तर 'चालतंय' हेच येणार. 'काय करायचं सोडलंत?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.

आईला हे विचारायचं राहून गेलं.