तांदळाच्या पिशवीपासून खिचडीपर्यंत

मधल्या सुट्टीची घंटा झाली की जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं ताटल्या घेऊन नळाकडे धावतात. महाराष्ट्रात या जेवणाचं व्यवहारातलं नाव एकच: खिचडी. सरकारी कागदावर मात्र ते 'शालेय पोषण आहार'.

शाळेत खाऊ घालण्याची कल्पना जुनीच. मद्रास महापालिकेने 1920 मध्येच थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत ती राबवली होती. खर्चाची मर्यादा दर मुलामागे रोज एक आणा!

15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची देशव्यापी योजना आली. पण बहुतेक राज्यांत, महाराष्ट्रातही, शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. तो पिशवीतून घरी जायचा आणि सगळ्या घराच्या भातात मिसळायचा. उपाशी बसलेल्या पोराच्या दुपारला त्याचा काय उपयोग?

28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं: शिजवलेलंच द्या, किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान 200 दिवस. मग शाळाशाळांत चुली पेटल्या. गावातल्या बाया स्वयंपाकाला आल्या, आणि तांदळाच्या पोत्यांचा हिशेब गुरुजींच्या गळ्यात पडला, जो त्यांना आजही नकोसाच वाटतो. तांदूळ, डाळ, हळद, तिखट एकाच पातेल्यात; वाढायला सोपं, म्हणून खिचडी टिकली.

2021 मध्ये केंद्राने योजनेचं नाव 'पीएम पोषण' केलं. पोरांनी खिचडीच ठेवलं.