प्राणिसंग्रहालयांचे बंद होणे आणि प्राण्यांचे स्थलांतर : महाराष्ट्रातील काही उदाहरणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

खानदेशात शिंदखेडा, धुळे, जळगाव या भागांतून निघणाऱ्या शालेय सहली अजिंठा-वेरूळ पाहताना औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातही जात आल्या आहेत. अनेक विद्यार्थ्यांनी जिवंत वाघ प्रथम पाहिला तो तेथील पिंजऱ्यात. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने या संग्रहालयाची मान्यता रद्द केली, तेव्हा एक प्रश्न नव्याने पुढे आला : प्राणिसंग्रहालय बंद होते, तेव्हा त्यातील प्राण्यांचे काय होते? संग्रहालयांच्या इतिहासात त्यांच्या स्थापनेची नोंद ठळकपणे होते; बंद होण्याची नोंद मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

राजाश्रयाकडून नगरपालिकेकडे

महाराष्ट्रात प्राणी बाळगण्याची परंपरा जुनी आहे. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी होता. गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० मध्ये तेथील गेंड्याचे काढलेले चित्र आजही उपलब्ध आहे. असे संग्रह राजाच्या हौसेवर चालत आणि प्राण्यांचे भवितव्यही आश्रयदात्याच्या भवितव्याशी बांधलेले असे. एकोणिसाव्या शतकात ही जबाबदारी हळूहळू सार्वजनिक संस्थांकडे आली. मुंबईचे राणीचा बाग १८६२ मध्ये, तर नागपूरच्या महाराजबागेतील संग्रहालय १८९४ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात अनेक नगरपालिकांनी उद्यानाच्या एका कोपऱ्यात हरणे, माकडे, मोर, अस्वल व शक्य झाल्यास एखादा वाघ किंवा सिंह ठेवला. मुलांचे मनोरंजन हा त्यामागील प्रमुख हेतू होता. जागा, पशुवैद्यक आणि कायमस्वरूपी निधी यांचा विचार बहुधा मागे राहिला.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राधिकरण अस्तित्वात आले. त्यानंतर मान्यतेशिवाय संग्रहालय चालविणे बेकायदेशीर ठरले. प्राण्यांची देवाणघेवाणही प्राधिकरणाच्या परवानगीने आणि मान्यताप्राप्त संग्रहालयांमध्येच करता येऊ लागली. प्राधिकरणाने २००० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार तोपर्यंत ३४७ संग्रहालयांचे मूल्यमापन झाले होते. त्यांपैकी १६४ संग्रहालयांना मान्यता मिळाली व १८३ संग्रहालयांना ती नाकारण्यात आली. मान्यता नाकारलेल्यांपैकी ९२ बंद होऊन त्यांतील प्राणी अन्यत्र हलविण्यात आले. उर्वरित ९१ प्रकरणे पुनर्विचाराधीन होती. अर्थात, मान्यता नाकारल्यानंतरही जवळजवळ निम्म्या ठिकाणी प्राणी आपल्या जागीच होते.

पुणे : पेशवे उद्यान ते कात्रज

योजनापूर्वक बंद झालेल्या संग्रहालयाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे पेशवे उद्यान. पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये सारसबागेलगत सुमारे ७ एकर जागेत ते उभारले. शहर वाढले, गर्दी वाढली. पिंजरे मात्र तेवढेच राहिले. दुसरीकडे नीलिमकुमार खैरे यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये कात्रज येथे सर्पोद्यान सुरू झाले होते. त्याच परिसरात सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय विकसित करण्यात आले व १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पेशवे उद्यानातील प्राणी तेथे हलविण्यात येऊन २००५ मध्ये जुने संग्रहालय बंद झाले. मुलांची आवडती फुलराणी मात्र जुन्या जागीच राहिली.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवी जागा तयार झाली, मग जुनी बंद झाली. दोहोंमध्ये सहा वर्षांचे अंतर होते. प्राणी हलविणे हे सामान हलविण्यासारखे नसते. वाघासारख्या प्राण्याला वाहतुकीच्या पिंजऱ्यात आधी खाद्य देऊन त्याची सवय लावावी लागते. हरणांसारखे भित्रे प्राणी पकडण्याच्या धसक्यानेही दगावतात. नव्या ठिकाणी पोहोचल्यावर काही काळ त्यांना इतर प्राण्यांपासून वेगळे ठेवून रोगतपासणी करावी लागते. या कामासाठी वेळ हाताशी असणे ही पहिली अट असते.

नागपूर व छत्रपती संभाजीनगर

महाराजबागेची मान्यताही २०१८ मध्ये रद्द झाली. तथापि मान्यता रद्द होणे आणि संग्रहालय बंद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा आदेशाविरुद्ध केंद्र शासनाकडे अपील करता येते, न्यायालयातही दाद मागता येते. महाराजबाग व सिद्धार्थ उद्यान या दोन्ही ठिकाणी आदेशानंतरही संग्रहालय चालू राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये सिद्धार्थ उद्यानातील ‘शक्ती’ व ‘करिश्मा’ हे वाघ मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे पूर्वीच्या राणीच्या बागेत, नेण्यात आले आणि पुढे तेथे त्यांची प्रजा वाढली. वाघाला नवी जागा मिळते, हे यावरून दिसते. परंतु प्रत्येक प्राणी वाघ नसतो.

मागणी नसलेले प्राणी

दुर्मिळ, तरुण आणि शुद्ध वंशाच्या प्राण्यांना इतर संग्रहालये आनंदाने स्वीकारतात. वृद्ध, अपंग, संकरित किंवा सर्वत्र विपुल असलेल्या प्राण्यांना घेणारे सहसा मिळत नाही. चितळ व माकडे जवळपास प्रत्येक संग्रहालयात आधीच असतात. सर्कशीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांच्यापासून सुरू झालेल्या मराठी सर्कशीच्या परंपरेत वाघ-सिंहांचे खेळ हे मोठे आकर्षण होते. १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी आणली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्कशीतून आलेल्या प्राण्यांसाठी शासनाला देशात ठिकठिकाणी बचाव केंद्रे उभारावी लागली. त्यांतील अनेक सिंह आशियाई व आफ्रिकी वंशांच्या संकरातून जन्मलेले असल्याने त्यांचे प्रजनन थांबविण्यात आले. त्यांना आयुष्यभर सांभाळणे, एवढाच मार्ग उरला.

‘त्यांना जंगलात का सोडत नाहीत’, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पिंजऱ्यात जन्मलेल्या हिंस्र प्राण्याला शिकार येत नाही व माणसाची भीती उरलेली नसते. तो वस्तीकडे वळण्याची शक्यता असते. शिवाय बंदिवासातील रोग व मिश्र वंश यांमुळे जंगलातील मूळ प्राण्यांनाही धोका पोहोचतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बंद होणाऱ्या संग्रहालयातील प्राण्यांचे भवितव्य बंदीच्या आदेशापेक्षा त्यांना स्वीकारणाऱ्या जागेवर अधिक अवलंबून असते. पुण्यात जागा आधी तयार होती म्हणून स्थलांतर पार पडले. अन्यत्र ती नसल्यास आदेशानंतरही प्राणी त्याच अपुऱ्या पिंजऱ्यात राहतात. फरक एवढाच की, बंद होऊ घातलेल्या संस्थेवर खर्च करण्यास कोणी उत्सुक नसते. २००२ च्या दुरुस्तीने नव्या संग्रहालयासाठी प्राधिकरणाची पूर्वमान्यता आवश्यक केली, त्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. खानदेशातील एखाद्या लहान नगरपालिकेने उद्यानात प्राणी ठेवण्याचा विचार केल्यास पहिला पिंजरा बांधण्यापूर्वीच तिने एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे. निधी संपला, तर हे प्राणी कोठे जातील? ज्या संस्थेकडे हे उत्तर नाही, तिने प्राणी न आणणे हेच इष्ट होय.