मातीच्या गडावरील लहानथोर

पेठ शहापूरहून कोरीगडाकडे पाहिले असता तटावर उभा असलेला मनुष्य तिळाएवढा दिसतो. परंतु त्याच मुळशी तालुक्यात दिवाळीच्या दिवसांत अंगणोअंगणी जे मातीचे किल्ले उठतात, त्यांवर हा दृष्टिनियम नेमका उलटलेला आढळतो, कारण तेथे पायथ्याचा पहारेकरी बोटभर आणि सर्वांत दूरच्या माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती मात्र चांगले वीतभर असतात. दगडविटांच्या ढिगावर भिजवलेले गोणपाट, त्यावर मातीचा लेप आणि उतारावर पेरलेले हळीव अशी सिद्धता झाल्यावर बाजारातून जी ‘चित्रे’ आणली जातात, त्यांत वाणी, गवळण, तोफची आणि महाराज यांची उंची अंतरावरून नव्हे, तर मानमरातबावरून ठरलेली असते. देवळाच्या भिंतीवर देवता मोठी आणि सेवक लहान कोरणाऱ्या शिल्पींचीच ही परंपरा होय.

तथापि, या पद्धतीचा एक तोटा असा, की तीन फूट उंचीच्या किल्ल्यावर सगळीकडे तीन इंची मावळे ठेवले, तर तो गड जेमतेम बारा पुरुष उंच, म्हणजे एखाद्या टेकाडाएवढा ठरतो. उलट पायथ्याशी तीन इंची, मधल्या माचीवर दीड इंची आणि तटावर अर्ध्या इंचाची चित्रे ठेवून वाटही चढत जाताना अरुंद केली, चर्याही आखूड केल्या, तर अर्ध्या इंचाच्या मापाने तोच ढिगारा चारशे फुटांच्या घरात जातो. मात्र या दृष्टिभ्रमाची अट कडक आहे: पाहणाऱ्याचा डोळा पायथ्याच्या पातळीवर आणि एकाच ठिकाणी हवा. पॅरिसमध्ये 1822 साली दागेरने आपला ‘डायोरामा’ उघडला, तेव्हा प्रेक्षकांचे स्थान त्याने नेमून दिले होते, ते काही उगाच नव्हे. आपल्याकडे नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविणाऱ्या कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनाही महालाची खोली सपाट कापडावर दाखविताना समोर बसलेल्या प्रेक्षकाचाच हिशेब धरावा लागे.

मापांची ही तडजोड केवळ पोरखेळात घडते असेही नाही. वॉटर्लूच्या रणभूमीची जी प्रतिकृती विल्यम सायबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1838 साली लंडनमध्ये मांडली, तिच्यात एका मैलास नऊ फूट असे जमिनीचे प्रमाण होते. त्या हिशेबाने शिपाई तीन मिलिमीटरांचा भरला असता आणि नजरेसही पडला नसता, म्हणून त्याने तो सुमारे दहा मिलिमीटरांचा केला. रणांगणाची मोजणी काटेकोरपणे करणाऱ्या माणसालाही जमिनीस एक आणि मनुष्यास दुसरे माप लावणे भाग पडले.

मग मुळशीच्या कारागिराने काय करावे? कोरीगड 1657 मध्ये स्वराज्यात आला आणि 1818 च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेपुढे पडला. यांपैकी दुसरा प्रसंग मांडावयाचा, तर यथादर्शनाचा नियम पूर्णपणे पाळता येतो: पुढे कंपनीच्या थोराड तोफा, मागे तटावर कणाएवढी शिबंदी, आणि गडावर सिंहासन नसल्यामुळे कोणाच्या मानास धक्का नाही. पण दिवाळीचा किल्ला हा युद्धाचा देखावा नसून दरबार आहे; त्याच्याभोवती शेजारीपाजारी चहूबाजूंनी फिरतात, मुले वरून वाकून पाहतात, आणि नियमाप्रमाणे महाराज अर्ध्या इंचाचे केले तर तो किल्ला कोणी आपला म्हणणार नाही. म्हणून हवालदार, सबनीस, सरनौबत यांच्यापर्यंत सर्वांस अंतराचा कायदा खुशाल लागू करावा आणि सिंहासनापुरती त्यास माफी द्यावी, हाच व्यवहार्य निवाडा होय. त्यात दृष्टिशास्त्राची थोडी हानी होते खरी. परंतु ज्या हेतूने तो किल्ला उभारला जातो, त्याची होत नाही.