२० अंशांचा संकेत

धातू तापला की लांबी वाढते, म्हणून मोजमापाला तापमानाची जोड द्यावीच लागते. १८८९ मध्ये मान्य झालेला प्लॅटिनम-इरिडियमचा आंतरराष्ट्रीय मीटर बर्फ वितळण्याच्या तापमानाला, म्हणजे ० अंश सेल्सिअसला ग्राह्य होता. ब्रिटनमध्ये यार्ड ६२ अंश फॅरेनहाइटला मोजला जाई. एकाच मापाचे सुटे भाग देशोदेशी तयार होऊ लागल्यावर ही तफावत जाचू लागली.

पॅरिसजवळच्या सेव्र येथील वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत प्लॅटिनमपेक्षा स्वस्त धातूचा शोध सुरू होता. १८९५ मध्ये तिथे तपासलेले निकेल-क्रोमियमयुक्त पोलाद साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त, जवळजवळ पितळेइतके प्रसरण पावत असल्याचे दिसले. १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोम यांना सुमारे ३६ टक्के निकेल असलेले, अगदी कमी प्रसरण पावणारे 'इन्व्हार' सापडले. भूमापनाच्या तारा आणि घड्याळांचे लंबक त्यातून घडले. १९२० मध्ये गियोम यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

इन्व्हार सगळीकडे वापरणे परवडणारे नव्हते. म्हणून १९३१ मध्ये औद्योगिक मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान ठरले. त्याचे महत्त्व स्टेनलेस स्टीलच्या कामात स्पष्ट दिसते. ३०४ प्रतीचा १०० मिलिमीटर लांबीचा भाग १० अंश तापला, तर सुमारे १७ मायक्रॉन वाढतो. साधे पोलाद ११-१२ मायक्रॉन वाढते. त्यामुळे लेथवरून उतरवलेला गरम भाग थंड होऊन खोलीच्या तापमानाला आल्यावरच अंतिम माप घेतले जाते.