दाबलेल्या पानातली अळी

१९८४ च्या सुमारास तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, ओहरिड सरोवराजवळ, हॉर्स चेस्टनटच्या पानांवर तपकिरी चट्टे दिसू लागले. पान उजेडासमोर धरलं की आत बारीक अळी दिसते. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली राहून ती आतला हिरवा भाग खाते. तिचा पतंग जेमतेम अर्धा सेंटिमीटर, नारिंगी-तपकिरी पंखांवर पांढरे पट्टे. १९८६ मध्ये त्याचं नाव ठरलं: कॅमेरारिया ओहरिडेला. १९८९ ला तो ऑस्ट्रियात आणि २००२ ला लंडनमध्ये पोहोचला. भर उन्हाळ्यातच बागांमधली झाडं करपल्यासारखी दिसायला लागली.

मग हा मूळचा कुठला? नावात ओहरिड आहे खरं, पण ते पहिल्यांदा सापडल्याचं ठिकाण. तेच मूळ घर असेल असं नाही. (इथे आपण बरेचदा फसतो.) युरोपात या वंशातली दुसरी जातच नाही, भाऊबंद बहुतेक अमेरिकेत आणि आशियात. शिवाय युरोपात फुलपाखरं-पतंग गोळा करणारे हौशी लोक पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आलेत, त्यांना हा दिसला कसा नाही? म्हणून तो बाहेरून आला असेल, किंवा दुसऱ्या झाडावरून इकडे सरकला असेल, असे तर्क चालले.

झाड मात्र बाल्कनचंच. ग्रीस-अल्बेनियाच्या डोंगरदऱ्यांत त्याची थोडी नैसर्गिक रानं उरलीत. बाकी युरोपातली झाडं सोळाव्या शतकापासून माणसांनी लावलेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात दऱ्यांमधल्या पतंगांत भरपूर विविधता निघाली, बागांमधल्यांत अगदी थोडी. म्हणजे मूठभर वंशावळीच बाहेर पडून युरोपभर पसरल्या होत्या.

पण हे सगळे आजचे पतंग. जुना पुरावा आणायचा कुठून? डेव्हिड लीस आणि सहकाऱ्यांनी तो कीटकांच्या पेट्यांऐवजी हर्बेरियममध्ये शोधला, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. थिओडोर फॉन हेल्डराइख यांनी १८७९ मध्ये ग्रीसमध्ये जमवलेल्या पानांत चट्टे होते, आणि चट्ट्यांत झाडाबरोबरच दाबल्या गेलेल्या अळ्या! त्यांचा डीएनएसुद्धा निघाला. २०११ च्या त्या शोधनिबंधाने पतंगाचा ज्ञात इतिहास शंभरेक वर्षं मागे नेला.

हर्बेरियमसाठी आपल्याला स्वच्छ, न खाल्लेलं पान निवडायला शिकवतात. मीही अजून तेच निवडतो. तशा शीटवर हा पतंग सापडला नसता.