मक्याचं ताट आणि सुटलेलं भान

म्हातारपणी विसरायला होणं हा वयाचा धर्म, असं आपण सहज म्हणून जातो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अशाच काही समजुती घट्ट बसल्या होत्या. तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. उन्हात उघडे राहणारे हात आणि मान लाल होऊन सोलवटत, जुलाब लागत, आणि शेवटी माणूस भ्रमिष्ट होई. मनोरुग्णालयं अशा रुग्णांनी भरली होती. कुणी संसर्गाला दोष देई, तर चार्ल्स डेव्हनपोर्टसारखे अभ्यासक आनुवंशिकतेला. १९१४ मध्ये सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी एक साधी गोष्ट हेरली: त्याच मनोरुग्णालयांत राबणाऱ्या परिचारिकांना आणि सेवकांना हा रोग होत नव्हता. रुग्णांच्या ताटात मात्र मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी, दिवसामागून दिवस तेच. जॉर्जियाच्या मनोरुग्णालयात त्यांनी ठरावीक रुग्णांना दूध, अंडी, मांस, कडधान्यं द्यायला लावली आणि त्यांच्यातला पेलाग्रा हटला. तरी संसर्गवादी ऐकेनात, तेव्हा रुग्णांचं रक्त टोचून घेऊन आणि त्यांच्या त्वचेच्या खपल्या गिळून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपण ठणठणीत असल्याचं दाखवून दिलं. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी रोगावर चालणारा घटक नेमका ओळखला, तो म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व. तो पोटात गेल्यावर वेडे ठरवलेले कित्येक रुग्ण काही दिवसांत भानावर आले.

हे आपल्यापासून फार दूरचं नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीच्या भाकरीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळे. १९६० मध्ये हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं. या तर्काला पुढे आव्हान मिळालं. पण भाकरीसोबत डाळ आणि दूध असलं तर हा रोग सहसा फिरकत नाही, एवढं मात्र टिकलं. दोष ज्वारीला देणं मला अन्यायाचं वाटतं. ताटात दुसरं काही नसणं, हे खरं कारण.

ताटातली उणीव माणसाचं भान हिरावू शकते, तर म्हातारपणीच्या विसराळूपणातही आधी ताट पाहायला हवं. यावर आक्षेप येईल की पेलाग्रा एका जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, अल्झायमर तसा नाही. आक्षेप रास्त आहे. मेंदूसाठी आखलेल्या 'माइंड' आहाराची ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षात तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. फिनलंडमधल्या १,२६० जणांच्या चाचणीत (२०१५) थोडा लाभ दिसला, पण तिथे आहाराला व्यायाम, मेंदूचे सराव आणि रक्तदाबावरची देखरेख यांची जोड होती. म्हणजे बदाम-अक्रोड खाऊन स्मृतिभ्रंश टळतो, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण उणीव भरून काढण्याची गोष्ट वेगळी. उतारवयात पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. शाकाहार आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन त्यात भर घालतात. अशा कमतरतेतून येणारा विसराळूपणा वेळीच ओळखला तर बऱ्याचदा आटोक्यात येतो, फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान भरून येत नाही. म्हणून ‘वय झालं’ असं म्हणण्याआधी बी-१२ची रक्ततपासणी व्हावी, आणि एकट्या राहणाऱ्या आजी चहा-बिस्किटांवर दिवस काढत नाहीत ना, हेही पाहावं.