सुईची भीती आणि संमोहन उपचार : कार्यकर्त्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांमध्ये रक्तदान शिबिरे होतात. नोंदणीच्या टेबलापर्यंत येऊन काही जण हळूच मागे फिरतात. कुणी जागरणाचे कारण सांगतो, कुणी उपाशी असल्याचे. त्यातल्या काहींना खरी भीती सुईची असते, पण मित्रांसमोर तसे म्हणायची लाज वाटते. रक्तदान टळले तर दुसरा दाता मिळू शकतो. पण तोच तरुण उद्या कुत्रा चावल्यावर लस टाळतो, सिकलसेलची तपासणी टाळतो, आणि तेव्हा प्रश्न गंभीर होतो.

या भीतीवर जे उपाय सुचवले जातात, त्यात संमोहन उपचाराचे नाव अलीकडे बरेच ऐकू येते. तो खरोखर काय आहे, कुठे उपयोगी पडतो, कुठे पडत नाही आणि फसवणूक कशी ओळखायची, याची माहिती येथे दिली आहे.

ही भीती म्हणजे नेमके काय?

सुई टोचताना थोडे घाबरणे स्वाभाविक आहे. पण सुईच्या नुसत्या विचाराने छातीत धडधड, घाम, मळमळ होत असेल आणि त्यापायी माणूस आवश्यक उपचारही टाळत असेल, तर त्याला फोबिया म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या वर्गीकरणात 'रक्त-इंजेक्शन-जखम' हा फोबियाचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार किशोरवयीनांमध्ये २० ते ५० टक्के आणि तरुणांमध्ये २० ते ३० टक्के जणांना सुईची कमी-अधिक भीती असते. म्हणजे ही एखाद्याची कमजोरी नाही.

या भीतीचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. साप किंवा उंचीच्या भीतीत रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. सुईच्या भीतीत मात्र अनेकांचा रक्तदाब आधी वाढतो आणि मग एकदम खाली येतो. मेंदूला रक्त कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली कोसळतो. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे आणि बऱ्याचदा ती एकाच घरातील अनेकांमध्ये दिसते. 'एवढा धिप्पाड गडी आणि सुईला घाबरतो' ही थट्टा म्हणूनच अज्ञानाची आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजाबरोबर अनुसूचित जाती आणि बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. ही तपासणी रक्त घेतल्याशिवाय होत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे लग्नाआधी तपासणी झालेली बरी. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्या आयुष्यात तर रक्ततपासण्या, सलाईन आणि कधी रक्त चढवणे हे सुरूच असते. अशा मुलाच्या मनात लहानपणीच सुईची दहशत बसली, तर पुढची प्रत्येक दवाखान्याची फेरी घरादाराची परीक्षा होते.

दुसरे उदाहरण रेबीजचे. 'पोटात चौदा इंजेक्शने' ही धास्ती आजही वस्तीत ऐकू येते. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात. सरकारी दवाखान्यात साधारणपणे ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी त्वचेत लस देण्याची पद्धत आहे. जखम खोल असेल, तर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. येथे भीतीची किंमत थेट जिवाची आहे.

संमोहन म्हणजे काय?

संमोहन म्हणजे झोप नव्हे, बेशुद्धी नव्हे आणि दुसऱ्याच्या ताब्यात जाणेही नव्हे. एखादी कादंबरी वाचताना आपण इतके रंगून जातो की शेजारचा आवाज ऐकू येत नाही. लक्ष असे एका ठिकाणी एकवटले की दिलेल्या सूचना मन अधिक सहज स्वीकारते. ही अवस्था जाणीवपूर्वक आणून तिचा उपचारासाठी वापर करणे म्हणजे संमोहन उपचार. व्यक्तीला आजूबाजूचे भान असते आणि नको वाटल्यास ती डोळे उघडून उठू शकते.

याचा इतिहास बोधप्रद आहे. अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मरने शरीरातील 'प्राणिज चुंबकत्वा'चा दावा केला. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. आयोगाने प्रयोग करून सांगितले की असे कोणतेही चुंबकत्व नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे. पुढे १८४३ मध्ये मँचेस्टरचे सर्जन जेम्स ब्रेड यांनी चुंबकत्वाची भाषा बाजूला सारून या विषयाला 'हिप्नॉटिझम' ही नवी चौकट दिली.

भारताचाही यात एक अध्याय आहे. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल यांनी भुलीच्या औषधांशिवाय, मेस्मरच्या पद्धतीने रुग्णाला गुंगवून शस्त्रक्रिया केल्या. त्यांचा पहिला रुग्ण तुरुंगातील कैदी होता. नवे प्रयोग कोणाच्या शरीरावर झाले आणि त्यांची संमती कोणी विचारली, हा प्रश्न समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पडल्याशिवाय राहत नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील श्याम मानव यांच्या कार्यशाळांमुळे स्वसंमोहन हा शब्द अनेक विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यामुळे त्यात चमत्कार काही नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे पटवून द्यावे लागू नये.

उपचार कसा होतो?

पहिल्या भेटीत तज्ज्ञ फक्त माहिती घेतात. भीती कधीपासून आहे, पहिला वाईट अनुभव कोणता, पूर्वी कधी भोवळ आली होती का, पुढे कोणते इंजेक्शन घ्यायचे आहे, हे विचारले जाते.

त्यानंतर एका बिंदूवर नजर स्थिर करून, श्वासाकडे लक्ष देऊन किंवा आकडे मोजत एकाग्रता आणली जाते. मग व्यक्तीला सुरक्षित वाटणारी जागा मनात उभी करायला सांगतात. गावची विहीर, आजीचे अंगण, काहीही चालते. या स्थितीत पुढील तंत्रे वापरली जातात :

• हातमोज्याची कल्पना : हात थंड पाण्यात बुडवला आहे, तो हळूहळू बधिर होत आहे, अशी सूचना. ही बधिरता नंतर दंडाकडे न्यायची.

• पायरीपायरीने सामना : आधी दवाखान्याचे दार, मग बाक, मग नर्सताई, मग स्पिरिटचा वास, शेवटी सुई. प्रत्येक पायरी मनात शांतपणे पार केल्यावरच पुढची.

• पडद्यावर पाहणे : आपण स्वतःच इंजेक्शन घेत आहोत, हे दूरच्या पडद्यावर पाहत असल्याची कल्पना.

• खूण : अंगठा आणि तर्जनी जुळवली की तीच शांतता परत येईल, अशी सूचना. प्रत्यक्ष दवाखान्यात हीच खूण वापरायची.

शेवटी घरी करायचा स्वसंमोहनाचा सराव शिकवतात. एका बैठकीत सगळे होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमताही सर्वांची सारखी नसते. काहींना लवकर गुण येतो, बहुतेकांना मध्यम, तर काहींवर परिणाम फारसा होत नाही.

भोवळ येणाऱ्यांसाठी वेगळा नियम

येथे एक चूक अनेकदा होते. ज्याला सुई पाहून भोवळ येते, त्याचा रक्तदाब आधीच खाली येत असतो. त्याला 'अंग सैल सोडा' असे सांगणे उलट पडू शकते. अशांसाठी स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात स्नायू ताणण्याची पद्धत विकसित केली. हात, पोट आणि मांड्यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, २० ते ३० सेकंद थांबायचे आणि असे पाच वेळा करायचे. टोचताना तो हात मात्र सैल ठेवून फक्त पाय आवळायचे. ही पद्धत आधी घरी शिकून घ्यावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारूनच करावी. पूर्वी भोवळ आलेल्या व्यक्तीला आडवे करूनच इंजेक्शन द्यावे.

पुरावा काय सांगतो?

मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या आणि १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गरम पाण्यात हात ठेवलेल्या लोकांना संमोहनात सूचना दिल्या गेल्या. वेदनेचा त्रासदायकपणा कमी-जास्त वाटेल अशी सूचना दिल्यावर मेंदूच्या संबंधित भागातील हालचालही तशीच बदलली. म्हणजे 'हे सगळे नाटक आहे' असे म्हणता येत नाही.

मुलांच्या बाबतीत २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ५९ चाचण्या आणि ५,५५० मुले-किशोर यांचा विचार झाला. सुईच्या वेळची वेदना आणि त्रास कमी करण्यासाठी लक्ष दुसरीकडे वळवणे आणि संमोहन हे उपाय उपयोगी ठरतात, असे त्यात दिसले. मात्र या पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही त्यातच नमूद आहे. प्रौढांच्या तीव्र फोबियासाठी आजही पहिली पसंती भीतीला टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष सामोरे जाण्याच्या उपचाराला आहे. संमोहन ही त्याला पूरक मदत आहे.

कोणाकडे जावे, कोणापासून सावध राहावे?

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडेच जावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. ज्यांना भास होतात किंवा ज्यांचा गंभीर मानसिक आजारावर उपचार सुरू आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय संमोहन करू नये. प्रत्येक संमोहनतज्ज्ञ परवडणार नाही, हेही खरे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक येथून सुरुवात करता येते. मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

'तुमची भीती मागच्या जन्मातील जखमेमुळे आहे' असे सांगून पूर्वजन्मात नेणाऱ्यांपासून दूर राहावे. संमोहनात कल्पनाशक्ती तीव्र झालेली असते आणि सूचनेतून खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. एका बैठकीत कायमचा गुण देण्याची हमी, औषध बंद करण्याचा सल्ला, एकट्या मुलीला सोबतीशिवाय बोलावणे, हीसुद्धा धोक्याची लक्षणे आहेत. कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून गंडा-दोरा, मंत्र-तंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

शिबिरात आणि घरी आपण काय करू शकतो?

संमोहन शिकलेले कोणी नसले, तरी खालील गोष्टी कोणताही कार्यकर्ता करू शकतो :

• नोंदणीच्या वेळीच विचारा, 'पूर्वी कधी सुईने भोवळ आली होती का?' हा प्रश्न सर्वांना विचारला, की कोणालाच लाज वाटत नाही.

• घाबरणाऱ्याला रांगेत फार वेळ ताटकळत ठेवू नका. पडद्याआड वेगळी जागा द्या.

• मुलांना 'दुखणारच नाही' असे खोटे सांगू नका आणि 'गप बस, नाहीतर सुई देईन' असा धाकही घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनातही लस देताना शांत राहून मोजके, खरे शब्द वापरण्यावर भर आहे. तान्ह्या बाळाला लस देताना आईने अंगावर पाजावे, लहान मुलाला मांडीवर बसवावे, दाबून आडवे धरू नये.

• वारंवार सुई घ्यावी लागणाऱ्या सिकलसेलच्या मुलांसाठी त्वचा बधिर करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. ते साधारण तासभर आधी लावावे लागते.

• ज्याला रक्त देणे जमत नाही, त्याच्यावर दबाव आणू नका. त्याला नोंदणीचे किंवा पाणी-बिस्किटांचे काम द्या. शिबिरात वावरणे हीच त्याच्यासाठी पहिली पायरी ठरू शकते. मात्र त्याची सिकलसेल तपासणी राहिली असेल, तर सोबत येण्याची तयारी दाखवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रातील आशाताईंशी त्याच दिवशी बोलून तारीख ठरवा.